पिकअप पॉईंट

आज सकाळी साडेदहाला, उदबत्ती अजून अर्धीसुद्धा जळली नव्हती, तेव्हा एक बाई दुकानाची पायरी चढल्या आणि म्हणाल्या, "अर्धा किलो थालीपिठाची भाजणी. ऑर्डर केलीय."

मी बटणं विकतो. बटणं, लेस, अस्तर, फॉल, नाडी, इलॅस्टिक, हूक, टिचबटणं, रिळं. नौपाड्यात, गोखले रोडच्या एका पोटगल्लीत, सात बाय चौदाच्या गाळ्यात. आधी वडील आणि आता मी, असे मिळून आम्ही पन्नास वर्षं ठाण्याची तुटलेली बटणं लावतोय. या पन्नास वर्षांत दुकानात खायची वस्तू एकच असायची, ती म्हणजे माझा डबा.

तरी मी मुकाट्यानं काउंटरखाली वाकलो आणि पुडा काढून दिला. बाईंनी तो हुंगला, पॅकिंगची तारीख वाचली आणि विचारलं, "पिशवी नाही का?" मी लेसची पिशवी दिली. तिच्यावर माझ्या दुकानाचं नाव आहे. या सगळ्या ऑनलाइन प्रकरणात माझी झालेली जाहिरात ती एवढीच.

वेबसाइट खरं तर मला काढायची होती.

कारण साधं आहे. माझी जुनी गिऱ्हाइकं घोडबंदर रोडला राहायला गेली. पूर्वी चरईतून, पाचपाखाडीतून चालत येणारी माणसं आता कासारवडवलीच्या सव्विसाव्या मजल्यावरून फोन करतात आणि म्हणतात, "यायचं मनात खूप आहे हो, पण ट्रॅफिक." त्यांचं खोटं नाही. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ३४ किलोमीटर कापून ५७ मिनिटांत ठाण्याला पोचली होती. आज कासारवडवलीहून नौपाडा दहा-अकरा किलोमीटर, आणि संध्याकाळचे ५७ मिनिटांत पोचलात तर पेढे वाटा. पोचल्यावर गाडी लावायला जागा नाही. लावलीत तर टोइंगवाला उचलून नेतो. चार रुपयांच्या बटणासाठी एवढं कोण करणार? मग म्हटलं, आपणच त्यांच्या फोनमध्ये जाऊन बसावं.

भाचा ऐरोलीला आयटीत आहे. तो म्हणाला, "मामा, साइट बनवायचं वर्डप्रेस घे आणि त्यावर दुकान थाटायचं वूकॉमर्स टाक. फुकट आहे." फुकट या शब्दावर माझा लहानपणापासून विश्वास आहे. पण ते देवळातल्या प्रसादासारखं फुकट निघालं. प्रसाद फुकट, बाहेर आल्यावर चपला गायब. डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे पैसे वेगळे, होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे वेगळे, चांगली दिसणारी थीम विकत, कुरिअर जोडायचं प्लगइन विकत. आणि डोमेन विकत घेतलं म्हणतात, तरी ते दर वर्षी पैसे भरून पुन्हा घ्यायचं असतं. याला ठाण्यात आम्ही भाडं म्हणतो.

शिवाय नावाचा घोळ. वडिलांनी दुकानाला आजीचं नाव दिलं. त्यात एक 'ण' आणि एक 'ई'. इंग्रजीत ते पाच तऱ्हांनी लिहिता येतं आणि पाचातले चार पत्ते आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेले. भाच्यानं शोध लावला की २०१४ पासून .भारत म्हणून देवनागरी पत्ता मिळतो. मला भरून आलं. पण टाइप कोण करणार? माझी गिऱ्हाइकं 'बटन आहेत का काका' हेसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवतात.

तरी भाच्यानं नमुना म्हणून एक साइट उभी केली. तिसऱ्या आठवड्यात त्यानं कसलंसं अपडेट दाबलं आणि सगळं दुकान पांढरंफटक झालं. दुकान म्हणजे नुसता पांढरा पडदा, वर काही नाही. भाचा म्हणाला, "बॅकअप घ्यायला हवा होता." वडील गेल्यावर विम्याचा एजंट अगदी याच आवाजात बोलला होता.

भाच्याकडूनच कळलेली गोष्ट. टोबियास ल्युटके नावाच्या माणसाला २००४ साली कॅनडात बर्फावरून घसरायच्या फळ्या ऑनलाइन विकायच्या होत्या. दुकान थाटायला एकही सॉफ्टवेअर त्याच्या पसंतीस उतरेना, म्हणून त्यानं स्वतःच लिहिलं. मग फळ्या राहिल्या बाजूला, आणि २००६ पासून तो सॉफ्टवेअरच विकायला लागला. तेच शॉपिफाय. भाच्यानं ही गोष्ट मला स्फूर्ती यावी म्हणून सांगितली. मी मात्र त्या फळ्यांचा विचार करत बसलो. कुठेतरी गोदामात पडल्या असतील बिचाऱ्या.

सीएला विचारलं, तर त्यानं आणखी एक दार लावून घेतलं. मी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे. उलाढालीवर एक टक्का भरायचा आणि गप्प बसायचं. पण कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. म्हणजे वेबसाइट साऱ्या जगात दिसणार आणि माझं बटण चंदगडला थांबणार. बेळगाव महाराष्ट्रात यावं असं मला आजवर भावनेनं वाटायचं, आता धंद्याच्या दृष्टीनंही वाटतं.

मग मी त्या मुलाला बोलावलं.

वाशीहून आला होता. एका कंपनीचा, नाव घेत नाही. 'तुमचं ऑनलाइन दुकान एका दिवसात' असा त्यांचा मेसेज मला रोज दोनदा येत असे. वय असेल चोवीस. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, बोलणं शुद्ध मधाळ. मी त्याला माझी खुर्ची दिली, कारण दुकानात खुर्ची एकच आहे. स्वतः स्टुलावर चढलो आणि चहा सांगितला.

"सर, सगळ्यात आधी सांगा, आपला पेन पॉईंट काय आहे?"

"ह्यांच्याकडे पेन नाही मिळत," मागून आवाज आला. "पेन कोपऱ्यावर. इथं बटणं."

काकू आल्या होत्या.

काकू आमच्या वडिलांच्या वेळच्या. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं ऑपरेटर होत्या, त्यामुळे कुणाच्याही बोलण्याच्या मध्येच शिरायची त्यांना सवय आहे आणि तो आपला हक्क आहे अशी समजूतही. हातात नातवाचा हातविणीचा स्वेटर. पाच बटणांतलं एक गेलेलं. "चालू द्या तुमचं," म्हणून त्यांनी स्वेटर काउंटरवर, बरोबर त्या मुलाच्या लॅपटॉपवर पसरला. "मला एकच हवंय. एक. पत्ता नको."

आमच्याकडे बटणं पत्त्यावर शिवलेली येतात, किंवा ग्रोसवर, म्हणजे १४४. एक बटण देणारं दुकान आता ठाण्यात शोधावं लागतं. मी देतो. त्यातून काय सुटतं ते विचारू नका.

मुलानं स्वेटरखालून लॅपटॉप अलगद ओढून घेतला. त्याला संधी दिसली असावी. "मॅडम, हेच! आता तुम्हाला इथवर यावं लागलं. उद्या सरांची साइट झाली की घरबसल्या सर्च करायचं, बटण, कलर मरून, आणि..."

"हे मरून नाही."

"मग... वाईन?"

"मी पीत नाही."

"नाही, म्हणजे रंग..."

"हे करवंदी आहे," काकू म्हणाल्या. "पिकलेलं करवंद. फोडल्यावर दिसतं ते नव्हे, वरचं."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, कारण त्या बरोबर होत्या. माझ्याकडे तुम्ही ज्याला मरून म्हणता त्याचे सात डबे आहेत. करवंदी, कोकमी, डाळिंबी, वांगी, बिटाचा, जुन्या पैठणीचा आणि एक नुसताच 'तो'. 'तो' हे वडिलांच्या अक्षरात लिहिलंय. कुठला, ते त्यांच्याबरोबर गेलं, पण गिऱ्हाइकानं कापड दाखवलं की माझा हात त्या डब्याकडे जातो.

"सर, हेक्स कोड टाकू शकतो आपण," मुलगा म्हणाला. "प्रत्येक रंगाचा सहा आकडी कोड असतो."

"ह्याचा काय आहे?" काकूंनी स्वेटर त्याच्या नाकापुढे धरला. "सांग ना. तुझ्याजवळ मशीन आहे."

मी करवंदी आणि कोकमी असे दोन्ही डबे काढले, दोन-दोन बटणं तळहातावर घेतली आणि स्वेटर घेऊन पायरीवर आलो. बटणं ट्यूबलाइटखाली जुळवायची नसतात. ट्यूबखाली करवंदी आणि कोकमी सख्खी भावंडं दिसतात, उजेडात सावत्र. बटण लोकरीवर ठेवायचं, हात लांब धरायचा, डोळे अर्धे मिटायचे. दिसेनासं झालं तर ते बरोबर. मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता, त्याला वाटलं मी रस्त्यात उभा राहून स्वेटरला ओवाळतोय. तिसरं बटण नाहीसं झालं. करवंदीच, पण २४ नंबर. जुनं २८ असणार, कारण काज सैल पडत होतं. आत येऊन २८ काढलं.

"हा नंबर म्हणजे काय सर?"

मग मी त्याला सांगितलं की बटणाचा नंबर म्हणजे लीन्य या फ्रेंच नावाचं माप, बटणांत ४० लीन्य म्हणजे एक इंच. शर्टाला साधारण १८, कोटाच्या बाहीला २४, पुढे ३२. त्यानं हे सगळं टिपून घेतलं आणि म्हणाला, "सर, आपल्या सिस्टीममध्ये एका प्रॉडक्टला तीन ऑप्शन देता येतात. साइझ, कलर, मटेरियल."

"भोकं?" मी विचारलं.

"सॉरी?"

"दोन भोकांचं, चार भोकांचं, मागे कडी असलेलं. शिवाय चकचकीत की मॅट."

तो विचारात पडला. "भोकं डिस्क्रिप्शनमध्ये टाकू."

"जीएसटीसाठी मालाचा एचएसएन कोड?" त्यानं पुढचं विचारलं आणि मी श्वास न घेता म्हणालो, "बटणं आणि टिचबटणं ९६०६, चेन ९६०७." त्या संपूर्ण दुपारीतला माझा वैभवाचा क्षण तो. काकूंचं लक्षच नव्हतं. त्या त्याच्या पडद्यावरचे प्लॅन वाचत होत्या.

"बेसिक, ग्रोथ, एंटरप्राइज," त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "म्हणजे ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. आमच्या बाहेरगावच्या ट्रंक कॉलला असेच तीन दर होते. लाइटनिंगला कितीतरी पट पैसे पडायचे आणि लागायचा तेव्हाच लागायचा. ह्यात ऑर्डिनरीला काय मिळत नाही ते सांग."

"मॅडम, बेसिकमध्ये प्रत्येक विक्रीवर दोन टक्के आपले..."

"आणि ते पैसे देतानाचे? बँकेचे?"

"ते पेमेंट गेटवेचे. तेही साधारण दोन टक्के. अधिक त्यावर अठरा टक्के जीएसटी."

"दोनाचे अठरा टक्के की बटणाचे?"

"दोनाचे."

"असं स्पष्ट बोलावं. बोल पुढे."

मी त्याला बोलावलं होतं आणि प्रश्न काकू विचारत होत्या. कबूल करतो, माझ्याहून चांगले विचारत होत्या. बंद केलं तर गिऱ्हाइकांची यादी कोणाची? वर्ष संपलं आणि पैसे भरले नाहीत तर दुकान किती दिवस उघडं? फोन केला तर माणूस उचलतो की बाई 'एक दाबा, दोन दाबा' म्हणते? या शेवटच्या प्रश्नाला त्यांच्या आवाजात पस्तीस वर्षांची नोकरी होती. मुलगा घामाघूम. 'मॅडम'ची 'काकू' झाली.

मी कुरिअरचं विचारलं. त्यानं समजावलं, कुरिअरवाले वजन करतात तसं खोक्याचं मापही घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये, गुणाकाराला पाच हजारानं भागायचं, ते किलो. दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे. मी मनात गोंड्यांच्या लेसचं खोकं धरलं. तीस बाय पंचवीस बाय वीस. तीन किलो. आतली लेस भरेल चारशे ग्रॅम. म्हणजे अडीच किलोहून जास्त ठाण्याची हवा मी पैसे देऊन नाशिकला पाठवणार. चार रुपयांच्या बटणाचं तर बोलायलाच नको. कुरिअर साठ-सत्तर रुपये.

"सर, मिनिमम ऑर्डर ठेवा. पाचशे."

पाचशे रुपयांची बटणं कुणाला लागतात? एवढी तुटतात कुणाची?

आणि फोटो. ६४० डबे आहेत माझ्याकडे, मोजलेत. त्यांचा माणूस येऊन पंचवीस रुपयांना एक फोटो काढणार. १६,००० रुपये, डब्याला एकच रंग धरला तर. चार रुपयांच्या बटणाला पंचवीस रुपयांचा फोटो. मी गप्प झालो. चहा संपला होता.

या गप्प बसण्यात सगळं बिनसलं.

"बाळा," काकू म्हणाल्या, "समजा एखाद्याच्या चारच वस्तू आहेत. थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, मेतकूट, उपासाची भाजणी. रंग नाही, नंबर नाही. अर्धा किलो आणि एक किलो. तर?"

मी त्या मुलाचा चेहरा पाहत होतो. उन्हाळ्यात कळव्याच्या पुढे लोकलमध्ये अचानक खिडकी मिळाल्यावर होतो तसा तो झाला. त्यानं माझी खुर्ची, माझी, काकूंकडे वळवली.

"काकू, फूड लायसन्स?"

काकूंनी पिशवीतून पुडा काढला. त्यावर चौदा आकडी नंबर छापलेला होता. लेबल होतं, तारीख होती, घटक होते. ही बाई गेली सहा वर्षं सोसायटीत आणि व्हॉट्सॲपवर भाजणी विकत होती आणि मला वाटत होतं त्या नातवंडांची बटणं लावतात.

पुढचा पाऊण तास मी बिनकामाचा होतो. मला चार कामं सांगितली गेली. चार्जर दे. पंखा कमी कर, पीठ उडतंय. दुसरा चहा, एकात साखर नको. आणि चौथं, "सर, पांढरा बॅकग्राउंड लागेल, काही कापड मिळेल का?" कापडाच्या दुकानात कापड नाही कसं म्हणायचं? दोन मीटर पांढरं कॉटनचं अस्तर ठाणातून फाडलं. माझ्या काउंटरवर, माझ्या अस्तरावर, माझ्या ट्यूबखाली भाजणीचं फोटोसेशन झालं. थोडी भाजणी वाटीत, थोडी विस्कटून, 'नॅचरल दिसावी' म्हणून. ते अस्तर आता विकता येत नाही. खमंग वास येतो त्याला.

गेटवेला धोरणांची पानं लागतात. परतावा, गोपनीयता, अटी. काकूंनी मान वर केली आणि माझ्या भिंतीवरची पाटी वाचली, 'कापलेला माल परत घेतला जाणार नाही'. "हे छान आहे. 'कापलेला'च्या जागी 'फोडलेला' घाल." वडिलांनी १९७९ साली रंगवून घेतलेली पाटी. परवानगी कुणी मागितली नाही.

"आणि काकू, पिकअपचा पत्ता? स्टेशनजवळ असला तर बरं."

दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

जाताना तो मुलगा काकूंना 'आई' म्हणाला आणि मला 'सर, मग आपण टचमध्ये राहू'. त्यानंतर त्याचा मेसेज येत नाही. आधी रोज दोनदा यायचा, तोही बंद. बटणाचे चार रुपये काकूंनी दिले नाहीत. सुटे नव्हते, आणि "चार रुपयांसाठी काय तो स्कॅनर लावायचा".

आता यात रागावण्यासारखं काय, असं बायको म्हणते. "वास किती छान येतो दुकानात, आणि माणसं येतात ना पायरीवर? एखादी घेईल की लेस." घेत नाहीत. उलट परवा एक मुलगी भाजणी न्यायला आली, लेसच्या भिंतीसमोर थबकली, मला बरं वाटलं. तिनं विचारलं, "फोटो काढू का?" हा प्रश्न मी रोज ऐकतो. फोटो काढतात, घरी जातात आणि तीच लेस फोनवर शोधून कुठल्याशा मोठ्या बाजारातून मागवतात. मला ज्या दरानं घाऊक मिळते त्याहून दोन रुपये कमी असतो तिथला दर. कसा, ते मला पन्नास वर्षांत कळलं नाही आणि आता कळून उपयोग नाही. मग ती लेस आली की रंग जुळत नाही, म्हणून माझ्याकडे घेऊन येतात. "काका, ह्याला मॅचिंग अस्तर द्या ना." मी पायरीवर जातो, हात लांब धरतो, डोळे अर्धे मिटतो. हे करायचे पैसे कुठल्या प्लॅनमध्ये बसतात ते त्या मुलाला विचारायचं राहिलं.

त्या मुलीला मी म्हणालो, "नका काढू." जरा जोरात म्हणालो असेन.

काल रात्री काकूंचा फोन. "अरे, पाच स्टार दिलेत तिनं भाजणीला, पण खाली लिहिलंय बघ. 'चव उत्तम, पिकअप पॉईंटवरचे काका तिरसट.' माझं रेटिंग आहे रे बाबा ते. तुझे वडील कसे हसून बोलायचे." मी म्हटलं, बोलतो हसून. म्हटलं, काकू, ते चार रुपये. त्या म्हणाल्या, "अरे हो. तू असं कर, तुला एक कूपन पाठवते."

पाठवलं. पहिल्या ऑर्डरवर दहा टक्के. आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं आणि हिला चकलीची भाजणी हवीच होती, म्हणून मी काकूंची साइट उघडली. चांगली झालीय, खोटं कशाला बोलू. माझं अस्तर फार सुरेख दिसतं. अर्धा किलो टाकली, कूपन घातलं. घरपोच चाळीस रुपये होते, म्हणून 'स्वतः येऊन घेईन' दाबलं. लगेच मेसेज आला. आपली ऑर्डर तयार आहे, कृपया खालील पत्त्यावरून घ्यावी. खाली माझा पत्ता. वेळ सकाळी दहा ते रात्री नऊ. सोमवारी बंद, हेही त्यांनी माझंच ठेवलंय.

मी स्टुलावरून उतरलो, काउंटरखाली वाकलो, पुडा काढला आणि माझ्या डब्याशेजारी ठेवला.

फोन पुन्हा वाजला. 'आपला अनुभव कसा होता?' आणि खाली तीन ओळी. वस्तूचा दर्जा. पॅकिंग. पिकअप पॉईंटवरील कर्मचाऱ्याची वागणूक. पहिल्या दोहोंना पाच-पाच चांदण्या दिल्या. तिसऱ्यावर अंगठा धरून बसलोय, तेवढ्यात एक गृहस्थ पायरी चढून वर आलेत आणि विचारतायत, मेतकूट कधी येणार.

मंगळवारी, मी सांगितलंय. हसून.